युरोपवर रुसलेले व्याही

युरोपवर आमच्या व्याह्यांइतका मनापासून रुसलेला माणूस खुद्द युरोपातही सापडायचा नाही. हे मी पुराव्यानिशी सांगू शकतो, कारण व्याही राहतात मिशिगनमधल्या ट्रॉय गावात, आमच्या घरापासून जेमतेम चार सिग्नल पलीकडे, आणि त्यांचा हा रुसवा ऐकायला समोर बहुतेक वेळा मीच बसलेला असतो. युरोप तिकडे समुद्रापलीकडे आपल्या उद्योगात असतो. त्याला बिचाऱ्याला पत्ताही नसतो की ट्रॉयमधले एक गृहस्थ सकाळच्या कॉफीपासून त्याच्याशी अबोला धरून बसलेत.

व्याही झेक. गाव बर्नो. त्यांच्या देशात रशियन रणगाडे घुसले तेव्हा विशीच्या आतबाहेरचा हा पोरगा एक सुटकेस घेऊन व्हिएन्नामार्गे निसटला आणि फिरत फिरत डेट्रॉइटला गिअरबॉक्सच्या डिझाइनला लागला. मीही जन्मभर गाड्यांच्याच धंद्यात, पण बंपरच्या बाजूला. त्यांच्या मुलानं आणि माझ्या मुलीनं कॉलेजात परस्पर जमवलं आणि आम्ही व्याही झालो. लग्न ठरलं तेव्हा माझी आई हयात होती. तिनं अकोल्याहून फोनवर मला बजावलं, "ते कुठलेही असोत, वरपक्ष आहे. उलट बोलायचं नाही." मी हे गंमत म्हणून व्याह्यांना सांगितलं. अंतरपाट, सप्तपदी, कानपिळी, सगळं सगळं ते विसरले. एवढं मात्र त्यांनी पक्कं लक्षात ठेवलं. मी कधी बोलायला तोंड उघडलं की ते बोट वर करतात आणि खणखणीत उच्चारात म्हणतात, "व्याहीबुवा, तुम्ही वधूपक्ष." बाकी आमचं सगळं बोलणं इंग्रजीत चालतं, इथे ते मी माझ्या मराठीत आणलंय.

त्यांच्या देशातल्या निवडणुकांचं राजकारण मला सुरुवातीला अजिबात कळत नसे. पक्ष इतके, आणि त्यातले निम्मे मागच्या निवडणुकीला नव्हतेच. मग एकदा मला आपल्याकडचं लग्न आठवलं आणि सगळा उजेड पडला. युरोपवर रुसलेल्या पक्षांचे तीन प्रकार असतात. पहिला, मांडव सोडून निघालेला : आम्हाला हे युरोपियन युनियनच नको, सार्वमत घ्या, आम्ही चाललो. दुसरा, मांडवात बसून पानावर न येणारा : राहतो, पण युरो हे तुमचं नाणं घेणार नाही, आमचा कोरुना बरा. आणि तिसरा पोटभर जेवून, विडा खाऊन, मग जिलबी कडक होती म्हणणारा. हा तिसरा निवडणुकीआधी ब्रसेल्सला शिव्या देतो आणि निवडून आला की पहिल्या विमानानं ब्रसेल्सला जाऊन फोटोत हसतो. व्याह्यांना ही फोड इतकी आवडली की त्यांनी ती आपल्या झेक मित्रांना फोन करकरून ऐकवली. त्यांनी स्वतः तिन्ही प्रकारांना आळीपाळीनं मत दिलेलं आहे, आणि तिन्हींनी त्यांना आळीपाळीनं निराश केलेलं आहे. तरी पुढच्या निवडणुकीपर्यंत कोणी ना कोणी रागावून नवा पक्ष काढतोच, आणि व्याह्यांना उभारी येते.

त्यांच्या तक्रारींत लोण्याला पहिला मान. झेक लोकांकडे ब्रेडला फासायचं एक लोणी असतं. त्यात पुरेसा स्निग्धांश नाही म्हणून त्याला लोणी म्हणायचं नाही, असा निकाल युरोपच्या कोर्टानं दिला. ही हकिगत सांगताना व्याह्यांचा आवाज अजून कापतो. एकदा आमच्याकडे पुरणपोळीवर तूप वाढत असताना त्यांनी ती काढली. "व्याहीबुवा, तुमच्या तुपाला कोणी तूप म्हणायचं नाही असं सांगितलं तर?" मी आईचं स्मरण करून गप्प राहिलो. बायकोनं मात्र तुपाचं भांडं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आमच्याकडे वनस्पतीलासुद्धा तूपच म्हणायचे. कोणी कोर्टात गेलं असतं तर मी हार घातला असता त्याला." लोण्यानंतर रमचा नंबर. बटाट्याच्या नाहीतर बिटाच्या दारूत वास घालून त्यांच्याकडे पिढ्यान् पिढ्या जी रम व्हायची, तिलाही रम म्हणायला बंदी झाली. आणि मग काकड्या. काकडी किती वाकडी चालेल याचा युरोपनं नियम केला, म्हणून व्याह्यांनी ट्रॉयमध्ये मागच्या अंगणात काकड्या लावल्या आणि त्या वाकड्या याव्यात म्हणून वेलाखाली दगड मांडले. उन्हाळाभर ते आम्हाला त्या आणून देत. तो नियम केव्हाच रद्द झाल्याचं मी वाचलं होतं. पण मी पडलो वधूपक्ष. बायको त्या काकड्यांची कोशिंबीर करी आणि सोलताना युरोपच्या बाजूनं पुटपुटत असे.

हसण्यावारी नेलं तरी रागाचं मूळ मला ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी प्रत्येक गोष्टीचा हुकूम मॉस्कोहून यायचा : शाळेत काय शिकायचं, कारखान्यात काय करायचं, कुणाचा फोटो कुठल्या भिंतीवर. "आता ब्रसेल्सहून येतो," ते म्हणत. "हसरा चेहरा, चांगला कोट, पण हुकूम तो हुकूम." दोन्ही हुकमांत फरक आहे हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण दुधानं तोंड पोळलेल्याशी ताकाबद्दल वाद कोण घालणार?

घालणारा एक होता. व्याह्यांचे थोरले भाऊ, बर्नोतच राहिलेले, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. हे गृहस्थ युरोपचे कट्टर भक्त. दर रविवारी सकाळी, म्हणजे त्यांच्या दुपारी, दोघा भावांचा व्हिडिओ कॉल होई आणि दोघं तासभर कडकडून भांडत. मी कॉफीला गेलेलो असलो की तेही ऐकत बसे. झेक भाषेतलं मला काही कळत नसे, मध्ये श्वास घ्यायला थांबले की व्याही मला भाषांतर पुरवत : "तो म्हणतो लोण्यात लोणी असावं. मूर्ख आहे." निवडणूक आली की व्याही पाच तासांचा रस्ता काढून शिकागोला जात, तिथल्या वकिलातीत मतदान करत, आणि परत येऊन समाधानानं सांगत, "त्याचं मत मी पुसलं." तिकडे भाऊही अगदी हेच म्हणे. मी एकदा सुचवून पाहिलं की दोघांनीही घरी बसावं, हिशेब तोच राहील. व्याह्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि बोट वर केलं.

त्या भावांना मी एकदा प्रत्यक्ष भेटलोय. लग्नानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही सगळे बर्नोला गेलो, तेव्हा ते व्हिएन्नाच्या विमानतळावर आम्हाला न्यायला आले होते. उंच, हसरे, खिशात कायम कसली तरी गोळी. व्याही युरो वापरत नसल्यामुळे विमानतळावर तहानलेले बसले होते, आणि भावानं हे ओळखून पाण्याची बाटली आधीच विकत घेऊन ठेवली होती. ऑस्ट्रियाची हद्द संपली तिथे त्यांनी गाडी अगदी हळू केली. रस्त्याकडेला जुन्या चौकीची रिकामी खोली होती. ना शिपाई, ना दांडी, ना कुत्री. भाऊ काही न बोलता नुसतं त्या खोलीकडे बोट दाखवत होते. आणि आमचे व्याही शेजारच्या सीटवर डोळे गच्च मिटून बसले होते. मुलीनं माझ्या कानात सांगितलं, "बाबा, दे डू धिस एव्हरी टाइम. काका स्लो करतात आणि डॅड डोळे मिटतात."

मागच्या वसंतात भावांना अर्धांगवायूचा झटका आला. जिवावरचं टळलं, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं. शब्द तेवढे येत नव्हते. वय आणि रक्त पातळ करायची औषधं यांमुळे व्याह्यांच्या डॉक्टरनं त्यांना विमानात बसू दिलं नाही. रविवारी ठरल्या वेळी भावजय टॅबलेट धरून बसे, उशीला टेकून भाऊ दिसत, आणि व्याही हवापाण्याच्या गोष्टी करत. इकडे ऊन पडलंय. तुझी तब्येत सुधारतेय. डॉक्टर चांगले आहेत ना. भाऊ तोंड फिरवून खिडकीकडे बघत राहत. आजारी माणसाशी बोलायची ती गोड, पोकळ भाषा त्यांना सोसत नसावी. कॉल बंद झाला की व्याही बराच वेळ त्या काळ्या पडद्यासमोर बसून असत. एकदा मला म्हणाले, "मला नाही म्हणणारा तेवढाच एक होता हो." युरोपबद्दल बोलायला मला बंदी होती, आणि दुसरं काही त्यांना ऐकायचं नव्हतं.

मग एका रविवारी, हवापाणी संपल्यावर, व्याही अचानक म्हणाले, "आणि लोण्याचं काय?" भावांची मान वळली. व्याह्यांना ते पुरेसं होतं. त्यांनी लोण्यावरून ब्रसेल्सला यथेच्छ झोडपलं, आणि सवयीनं उत्तरासाठी थांबले. पलीकडून उत्तर आलं नाही. भावांचे ओठ हलले, डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा आमच्या व्याह्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. ते उठले, समोरच्या खुर्चीत जाऊन बसले, टॅबलेट आपल्याकडे वळवला, घसा खाकरला आणि भावाच्या बाजूनं स्वतःलाच उत्तर द्यायला लागले. उत्तर लुळं होतं. भावांनी डावा हात उचलला आणि अंगठा खाली केला. व्याही मला म्हणाले, "बघा, म्हणतोय तयारी करून ये."

तेव्हापासून ट्रॉयमध्ये युरोपचा अभ्यास सुरू झाला. जन्मभर युरोपला नावं ठेवलेला माणूस चष्मा लावून युरोपच्या बाजूचे लेख वाचू लागला : रस्त्यांना पैसे कोणी दिले, पोरं कुठल्याही देशात शिकायला कशी जातात, छोट्या देशानं एकट्यानं भाव केला तर काय होतं. शनिवारी संध्याकाळी ते आमच्याकडे तालमीला येत. "तुम्ही युरोप व्हा," ते मला म्हणाले, "वधूपक्षाचा नियम शनिवारपुरता कॅन्सल." इतक्या वर्षांचं तुंबलेलं असूनही मी ऐनवेळी कच्चा निघालो. पानिपत झालं म्हणा ना. बायको मात्र कणीक मळता मळता असं काही बोलून जाई की व्याही वही शोधत. असंच एकदा ती सहज म्हणाली, "सीमा कशी आहे याच्याशी मला काय करायचंय? दार उघडं असलं म्हणजे आई आजारी पडल्यावर मुलाला जाता येतं. मला तेवढं पुरे."

व्याह्यांनी हातातली वही मिटली. मग त्यांनी आम्हाला कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. त्यांची आई गेली तेव्हा ते इथे होते, आणि सीमा बंद होती. पळून गेलेला मुलगा परत शिरला तर त्याला तुरुंग होता. भावानं एकट्यानं सगळं केलं आणि आईच्या शवपेटीवर मूठभर माती दोनदा टाकली. एकदा स्वतःची, एकदा याची. "विहीणबाई," व्याही बायकोला म्हणाले, "हे त्यानं मला वादात कधी वापरलं नाही. इतकी वर्षं भांडलो, पण हे नाही." दुसऱ्या दिवशी त्यांनी समोरच्या खुर्चीत बसून, भावाच्या वतीनं, ते वापरलं. काय बोलले ते मला झेकमध्ये कळलं नाही, आणि त्या वेळी त्यांनी भाषांतरही केलं नाही. भावांचा डावा अंगठा मात्र सावकाश वर गेलेला मी पाहिला.

शरदात निवडणूक आली. अंथरुणावरच्या माणसासाठी तिकडे मतपेटी घरी नेतात. पण त्यासाठी आधी कळवावं लागतं, आणि भावजय दवाखान्याच्या धावपळीत ते विसरली असेल अशी धास्ती व्याह्यांना लागली. म्हणून बर्नोच्या नगरपालिकेला ट्रॉयहून फोन गेला. आपल्या मताच्या नेमकं उलट मत पडावं म्हणून परदेशातून खटपट करणारा मतदार त्या कारकून बाईंनी पहिल्यांदाच पाहिला असेल. पेटी येणार हे पक्कं झाल्यावर व्याही माझ्याकडे आले आणि म्हणाले, "आता मला शिकागोला जायलाच हवं. नाहीतर तो एका मतानं पुढे जाईल."

खरं तर या खेपेपासून परदेशातल्या झेक लोकांना पोस्टानं मत देता येत होतं. मुलीनं परोपरीनं सांगितलं, "डॅड, प्लीज, जस्ट मेल इट. बाबांना एवढं ड्राइव्ह करायला लावू नका." पण पोस्टाच्या मताला नेमका व्याह्यांच्याच आवडत्या पक्षांचा विरोध होता. "मत म्हणजे पिझ्झा नव्हे, इकडून तिकडे पाठवायला," असं म्हणून ते माझ्या गाडीत बसले. शिकागोत ते मतपत्रिकांचा गठ्ठा घेऊन पडद्याआड गेले. त्यांच्याकडे प्रत्येक पक्षाचा कागद वेगळा असतो. त्यातला एक निवडून पाकिटात घालायचा आणि वाटल्यास आवडत्या उमेदवारांच्या नावांवर गोल करायचा. व्याही नेहमी फटकन बाहेर येत. या वेळी आत इतका वेळ लागला की मी चुळबुळ करायला लागलो.

परतीच्या वाटेवर, पानं लाल झालेल्या कुठल्याशा गावात आम्ही कॉफीला थांबलो. माझ्या मनात होतं ते मी विचारून टाकलं : "या वेळी भावांच्या पक्षाला दिलंत की काय?" व्याह्यांनी कप खाली ठेवला. मी त्यांना काही तरी लागट बोललोय असा त्यांचा चेहरा झाला. "त्याच्या वाटचं मत मी कसं देईन?" ते म्हणाले. "तो जिवंत आहे. त्याचं तो देईल. माझं काम त्याला विरोध करायचं." आणि मग बाहेर बघत, "आत मी फक्त हा विचार करत होतो, की तो कुणाच्या नावावर गोल करेल. डाव्या हातानं जमेल का त्याला." त्या क्षणी मला या हट्टी माणसाबद्दल जे वाटलं त्याला माया याशिवाय दुसरा शब्द नाही. सांगितलं मात्र नाही. कॉफीचे पैसे कोण देणार यावरून आम्ही थोडं भांडलो.

निकाल लागला. रुसलेल्यांची सरशी झाली. व्याह्यांना हवं होतं ते इतक्या वर्षांनी घडलं होतं, तेव्हा रविवारी मी पेढे घेऊन गेलो. ते खुर्चीच्या कडेवर बसले होते, आंघोळ करून, भांग पाडून, परीक्षेला बसल्यासारखे. टॅबलेटवर भाऊ दिसले. त्यांनी मत दिलं होतं, भावजयीनं सांगितलं, गोल करायला कागद तिनं धरला होता. पण चेहरा पार पडलेला. उजवी बाजू तर आधीच खाली ओढलेली होती. आता डावीही तशीच दिसत होती. व्याह्यांनी पेढ्यांच्या पुड्याकडे पाहिलं आणि तो हलकेच टेबलाखाली सरकवला.

मग ते समोरच्या खुर्चीत गेले आणि जिंकलेला माणूस हरलेल्याची समजूत काढायला लागला. ते मध्ये मध्ये मला सांगत होते म्हणून कळलं. ते म्हणत होते, काही होत नाही रे, हे आपापसातच भांडतील. मांडव सोडून कोणी जात नाही. युरोप तिथेच आहे, तुझी ती चौकी रिकामीच राहणार. भाऊ ऐकत होते, पण चेहरा हलेना. शेवटी व्याही थांबले. त्यांनी चष्मा काढला. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी शस्त्र खाली ठेवलं : "बरं, जाऊ दे. तुझंच खरं होतं. पुढच्या वेळी मी तुझ्या पक्षाला देतो."

पलीकडे भावांचा डावा हात चादरीवर हलला. तोंड वाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, भावजय घाबरून जवळ सरकली. आणि कित्येक महिन्यांनी त्या तोंडातून एक शब्द बाहेर पडला, घोगरा, अर्धवट, पण स्पष्ट. "ने." झेकमध्ये "ने" म्हणजे "नाही".

व्याह्यांना आधी वाटलं आपल्याला भास झाला. त्यांनी पुन्हा विचारलं, देऊ ना तुझ्या पक्षाला? "ने," भाऊ म्हणाले, आणि या वेळी डावा गाल हसला. तिकडे भावजय रडत होती. इकडे आमचे व्याही, ज्यांच्या डोळ्यांत मी त्यांच्या बायकोच्या अंत्यविधीलाही पाणी पाहिलं नव्हतं, ते माझा हात दाबून पुन्हा पुन्हा म्हणत होते, "पाहिलंत? नाही म्हणाला. मला नाही म्हणाला तो."

त्यांचा निरोप घेऊन मी निघालो तेव्हा ते दारापर्यंत आले. पुढची निवडणूक चार वर्षांनी, तेव्हाही शिकागोला न्याल ना, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांचं एकही मत मला आजवर पटलेलं नाही, आणि चार वर्षं हा आमच्या वयाला फार लांबचा वायदा आहे. तरी तेवढी वर्षं मला हवी आहेत. त्या दिवशी बर्नोतल्या त्या अंथरुणाशी मतपेटी यावी, डाव्या हातानं एक मत पडावं, आणि ते पुसायला मी व्याह्यांना शिकागोला घेऊन जावं, एवढंच माझं मागणं आहे.